वहिवाट

वर्सोव्याच्या किनाऱ्यावर संध्याकाळी माणसे फिरतात, मुले वाळूत किल्ले करतात, कोळीवाड्याकडून सुकत्या मासळीचा वास येतो. याच किनाऱ्याच्या वाळूखालून, कुणाच्या पायाला न लागता, समुद्रातून आलेल्या केबल मुंबईत शिरतात. खोल समुद्रात त्यांची जाडी अंगठ्याएवढीच असते. किनारा जवळ आला की नांगर आणि जाळी यांच्यापासून जपण्यासाठी त्यांच्यावर पोलादाची चिलखते चढतात. आत केसाएवढे बारीक काचेचे तंतू, आणि त्या तंतूंमधून धावणारा प्रकाश.

मला तिथे रेंगाळायला आवडते. दुबईत राबणाऱ्या मुलाचा आईला आलेला व्हिडिओ कॉल, एखाद्या कंपनीचा हिशेब, रात्री जागून प्रबंध लिहिणाऱ्या मुलीने परदेशी ग्रंथालयाला विचारलेला प्रश्न, कुणाची भूपाळी, कुणाचे भांडण, सगळे माझ्या पायांखालून जात असते. त्या प्रकाशाला यातले श्रीमंत कोण, गरीब कोण, इंग्रजी कोणते, मराठी कोणते, काहीच ठाऊक नसते. ही समता निसर्गाने दिलेली नाही. काचेच्या तंतूला न्याय-अन्याय कळत नाही. वाटेने वाटसरूला अडवून चौकशी करायची नाही, हे कधीतरी, कुठेतरी माणसांनी ठरवले, म्हणून ती आहे. त्या ठरवण्याविषयी मला फार ममत्व वाटते.

कारण नुसती तार टाकल्याने मोकळीक येत नाही, हे याच शहराने पाहिले आहे. १८७० साली 'ग्रेट ईस्टर्न' नावाच्या अवाढव्य जहाजाने मुंबईहून एडनच्या दिशेने समुद्रात तार टाकत नेली. पुढे सुवेझमार्गे मुंबई लंडनशी जोडली गेली. बोटीने जाणाऱ्या पत्राला जिथे आठवडे लागत, तिथे निरोप काही तासांत पोहोचू लागला. वेग आला, पण ती तार सगळ्यांची झाली नाही. शब्दाला दर होता, म्हणून व्यापारी सांकेतिक शब्दांत बोलत आणि सामान्य माणसाच्या घरी तार यायची ती बहुधा मरणाचीच. शिवाय प्रत्येक शब्द मधल्या कारकुनाच्या डोळ्यांखालून जाई. १८८५च्या टेलिग्राफ कायद्याने तो निरोप अडवण्याचा आणि वाचण्याचा अधिकार सरकारला दिला. मधल्या माणसाला सगळे कळत होते, आणि ज्याला कळते तो एक दिवस थांबवतोही.

इंटरनेट घडवणाऱ्यांनी मधल्याला हे कळण्याची गरजच काढून टाकली. त्यांच्या कामातला हा भाग वाचताना मला आजही हरखून जायला होते. १९७० नंतरच्या पहिल्या काही वर्षांत बॉब कान आणि व्हिंट सर्फ हे दोघे वेगवेगळ्या धाटणीची संगणकजाळी एकमेकांना कशी जोडावीत या कोड्यात गुंतले होते. कान यांनी स्वतःला काही नियम घालून घेतले होते. जोडले जाण्यासाठी कोणत्याही जाळ्याला आपले अंतरंग बदलावे लागू नये. निरोपाचा तुकडा वाटेत हरवला तर जिथून निघाला तिथूनच तो पुन्हा पाठवावा. जाळ्यांच्या सांध्यावर बसलेल्या यंत्रांनी, त्यांच्यातून काय गेले याची आठवण ठेवू नये. आणि या सगळ्यावर एकाच कुणाची सत्ता नसावी.

तिसरा नियम मी पुन्हा पुन्हा वाचला आहे. सांध्यावरच्या यंत्राने पत्ता पाहायचा, तुकडा पुढे द्यायचा आणि विसरून जायचे. कानांच्या मनात त्या वेळी यंत्र साधे राहावे, बिघाडातून सावरावे, हा हेतू होता. पण साधेपणासाठी घातलेल्या त्या नियमातून एक मोठी मोकळीक जन्माला आली. शहाणपण दोन टोकांना असलेल्या माणसांपाशी राहिले. मधल्याची परवानगी न घेता टोकाचा कुणीही नवे काही सुरू करू शकेल, अशी ही रचना झाली. मे १९७४ मध्ये सर्फ आणि कान यांचा शोधनिबंध छापून आला. त्यांनी या रचनेवर पेटंट घेतले नाही. १ जानेवारी १९८३ रोजी अर्पानेट नावाचे मूळ जाळे या नव्या नियमांवर आले, आणि आज माझ्या हातातला फोन त्याच नियमांच्या वंशातला आहे.

यामागचा पैसा अमेरिकेच्या संरक्षण खात्याचा होता, हे विसरू नये. जन्म कुणाच्या घरी झाला यावर वळण पूर्णपणे ठरत नाही, हेही त्यातून शिकावे. हे वळण लावणाऱ्यांत काही पोरसवदा विद्यार्थी होते. स्टीव्ह क्रॉकर त्यांच्यापैकी एक, कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या लॉस एंजेलिस इथल्या शाखेत शिकणारा. १९६९च्या वसंतात या विद्यार्थ्यांच्या गटात झालेल्या चर्चेची टिपणे लिहून काढण्याचे काम त्याच्याकडे आले. तो मित्रांच्या घरी उतरला होता. कुणाची झोपमोड नको म्हणून रात्री न्हाणीघरात बसून त्याने लिहिले. आपण कोण नियम सांगणारे, खरे अधिकारी कधीतरी येतील आणि आपल्यावर रागावतील, ही धास्ती मनात होती. म्हणून त्या टिपणांना त्याने आज्ञेचा सूर दिला नाही. आम्हांला असे वाटते, तुम्हांला काय वाटते ते कळवा, असे म्हणणारी ती टिपणे होती. ते रागावणारे अधिकारी कधी आलेच नाहीत. त्या टिपणांची मालिका आज नऊ हजारांच्या पुढे गेली आहे. इंटरनेट कसे चालते याचे नियम त्यांत लिहिलेले आहेत, ते कुणालाही एक पैसा न देता वाचता येतात, आणि बदल सुचवायला कुठल्या पदाची गरज नसते. जगातल्या एवढ्या मोठ्या व्यवहाराचा पाया एका विद्यार्थ्याच्या संकोचावर उभा आहे, याचे मला अपार कौतुक वाटते. अधिकाराने बोलला असता, तर त्याच्यानंतरचेही अधिकारानेच बोलले असते.

मोकळे ठेवण्याचा निर्णय एकदा घेऊन पुरत नाही. १९९३ साली तो पुन्हा घ्यावा लागला. तेव्हा माहिती शोधण्यासाठी 'गोफर' नावाची पद्धत खूप लोकप्रिय होती. मिनेसोटा विद्यापीठाने ती घडवली होती. त्या वर्षाच्या सुरुवातीला विद्यापीठाने जाहीर केले, की गोफरचा सर्व्हर वापरणाऱ्या काहींकडून शुल्क घेतले जाईल. विद्यापीठालाही पैशाची ओढाताण होती, मागणी अगदीच गैर नव्हती. पण उद्या आपल्यालाही पैसे मागतील ही शंका एकदा आली, आणि माणसे तिथून निघू लागली. त्याच काळात जिनिव्हाजवळच्या सर्न या संशोधनसंस्थेत टिम बर्नर्स-ली यांनी घडवलेले वेब बाळसे धरत होते. ३० एप्रिल १९९३ रोजी सर्नने लिहून दिले, की वेबच्या मूळ सॉफ्टवेअरवर आम्ही हक्क सांगणार नाही, ते कुणीही वापरावे, बदलावे, वाटावे. सर्नसाठी ते एक कार्यालयीन पत्र होते. त्या कागदावरच्या सह्यांमुळे किती भाषांना, किती गावांना दार उघडले, याचा विचार केला की मन भरून येते.

माझ्यासाठी ते दार अक्षरांच्या रूपाने उघडले. मराठीत लिहिणाऱ्या माझ्या पिढीला ते दिवस आठवतील. घरी संगणकावर लेख लिहायचा, फ्लॉपीत घालून छापखान्यात न्यायचा, आणि तिथे फाइल उघडली की पडद्यावर इंग्रजी चिन्हांचा चिखल. माझ्याकडचा फॉन्ट त्यांच्याकडे नसायचा. प्रत्येक फॉन्टने क कुठे ठेवायचा, वेलांटी कुठे ठेवायची, याची आपापली मांडणी केलेली. लेख माझा, शब्द माझे, पण ते वाचण्याची किल्ली दुसऱ्याच्या पेटीत. शेवटी छापखान्यातला खिळे जुळवण्यात हयात घालवलेला माणूस तो लेख पुन्हा अक्षर अक्षर जुळवायचा.

युनिकोडने ही किल्ली सगळ्यांच्या हाती दिली. १९९१च्या त्याच्या पहिल्या आवृत्तीतच देवनागरी होती, आणि तिच्या मांडणीमागे भारतात आधी तयार झालेल्या 'इस्की' या मानकाचे काम होते. मराठीच्या खास गरजाही हळूहळू तिथे पोहोचल्या. कुऱ्हाड, पऱ्ह्या, सुऱ्या यांतला तो डोक्यावर न चढणारा अर्धा र कसा लिहायचा याची रीत ठरली. ॲ हे अक्षर २००८च्या आवृत्तीत स्वतंत्रपणे आले. २०१४ साली मोडी लिपीलाही जागा मिळाली. मुंबईच्या 'एक टाइप' या अक्षररचनाकारांनी मुक्ता आणि बलू यांसारखे देवनागरी फॉन्ट मुक्त परवान्याखाली दिले, त्यामुळे एखाद्या तालुक्याच्या ठिकाणी निघणारा दिवाळी अंकही चांगल्या अक्षरात उभा राहू शकतो. आज माझा लेख लीड्समध्ये राहणारा माझा भाऊ वाचतो, तेव्हा त्याच्या फोनने माझ्या फोनकडे कसलाही परवाना मागितलेला नसतो. आपली भाषा कुणाच्या मेहेरबानीशिवाय समुद्र ओलांडते, याचा आनंद ज्याने तो चिखल पाहिला आहे त्यालाच पुरता कळेल.

हे सगळे विचार करताना मला आमच्या कोरेगाव तालुक्यातल्या गावची पाणंद आठवते. दोन्ही बाजूंना शेते, मधून बैलगाडी जाईल एवढी वाट. तिचा सातबारा कुणाच्या नावावर नाही. आजोबा म्हणत, पाणंद एका दिवसात कुणी खात नाही. या वर्षी एक जण बांध कोरून नांगराचे एक तास पुढे नेतो, पुढच्या वर्षी समोरचा नेतो. मध्ये घाणेरी वाढते, बाभळीच्या फांद्या वाकतात. कुणाचाच हेतू वाट बंद करण्याचा नसतो. मग एका वर्षी उसाची ट्रॉली मध्येच अडकते आणि आतल्या शेताचा ऊस शेतातच वाळायला लागतो. मामलेदार न्यायालयांचा १९०६ सालचा कायदा आजही त्यासाठी वापरला जातो. वहिवाटीची वाट अडवली म्हणून शेतकरी तहसीलदाराकडे अर्ज करतो, पाहणी होते, पंचनामा होतो, वाट मोकळी करून मिळते. पण अर्ज करावा लागतो. आतल्या शेतात ज्याचे पीक उभे असते, त्यानेच बहुधा तो करावा लागतो.

इंटरनेटच्या या वाटेवरही एकेक तास कोरले जातेच. २०१४च्या डिसेंबरात देशातल्या एका मोठ्या दूरसंचार कंपनीने इंटरनेटवरून होणाऱ्या बोलण्यासाठी वेगळे पैसे आकारण्याचे ठरवले. २०१५च्या मार्चमध्ये ट्रायने, म्हणजे दूरसंचार नियामक प्राधिकरणाने, शंभराहून अधिक पानांचे इंग्रजी चर्चापत्र काढले. अशी चर्चापत्रे एरवी कंपन्यांचे वकील वाचतात. त्या वर्षी मात्र ते विद्यार्थ्यांनी वाचले, छोट्या कंपन्या चालवणाऱ्यांनी वाचले, सोप्या भाषेत एकमेकांना समजावून सांगितले, आणि दहा लाखांच्या घरात ईमेल ट्रायकडे गेल्या. त्यांत एक माझीही होती. पाठवताना हात किंचित थरथरला होता, सरकारच्या कुठल्या कार्यालयाला मी असे प्रथमच माझे मत कळवत होते.

त्यानंतर फेसबुकचे 'फ्री बेसिक्स' आले. गरिबाला काही निवडक संकेतस्थळे फुकट मिळतील, त्यात वाईट काय, हा प्रश्न मला अनेकांनी मनापासून विचारला आणि तो हसण्यावारी नेण्यासारखा नव्हता. ज्याच्याकडे काहीच नाही त्याला थोडे मिळणे हे थोडे नसते. मी त्यांना पाणंदीचेच सांगत असे. वाट फुकट आहे, पण ती ठरावीक चार शेतांशीच थांबते, आणि ती चार शेते कोणती हे वाट देणारा ठरवतो. पाचव्या शेतात ज्याने नवे काही पेरले आहे, त्याच्यापर्यंत गिऱ्हाईक पोहोचणारच नाही. गरिबाला पूर्ण वाट द्यायला हवी, थोडी दिली तरी पूर्ण वाटेचीच थोडी. ८ फेब्रुवारी २०१६ रोजी ट्रायने नियम केला, की मजकूर पाहून इंटरनेटचे दर वेगवेगळे लावता येणार नाहीत. वाटेने वाटसरूची चौकशी करायची नाही, हे कान यांच्या जुन्या नियमातले तत्त्व भारतात कायद्याच्या भाषेत उतरले.

तरी वाट अडवणारा प्रत्येक वेळी व्यापारीच असतो असे नाही. ऑगस्ट २०१९ मध्ये काश्मीर खोऱ्यात इंटरनेट बंद झाले. जानेवारी २०२० मध्ये सर्वोच्च न्यायालयाने पत्रकार अनुराधा भसीन यांच्या याचिकेवर म्हटले, की इंटरनेटवरून व्यक्त होणे आणि व्यवसाय करणे यांना घटनेचे संरक्षण आहे आणि बेमुदत बंदी चालणार नाही. वेगवान फोर-जी सेवा संपूर्ण जम्मू-काश्मीरमध्ये पूर्ववत व्हायला तरीही फेब्रुवारी २०२१ उजाडला. त्या काळातल्या तिथल्या विद्यार्थ्यांचा आणि डॉक्टरांचा विचार मनातून जात नाही. समुद्रातली केबल तुटली तर निरोप दुसरी वाट शोधतात. २००८च्या जानेवारीत अलेक्झांड्रियाजवळ दोन केबल तुटल्या तेव्हा भारतातले इंटरनेट मंदावले, पण बराच प्रवाह पूर्वेकडून वळवला गेला. माणसाच्या हुकमाने बंद केलेल्या वाटेला मात्र असा वळसा सापडत नाही. तिथे उपाय असतो तो नागरिकांच्या आणि न्यायालयाच्या हातात.

आणि वाट अडवली नाही तरी ती आपोआप चालती राहत नाही. पावसाळ्यानंतर पाणंदीतले खड्डे कुणीतरी भरतो. इंटरनेटचे असे खड्डे भरणारे हात बहुतेकांना दिसत नाहीत. २०१४च्या एप्रिलमध्ये 'हार्टब्लीड' नावाची गंभीर त्रुटी उघड झाली. बँकांपासून दुकानांपर्यंत निम्मे जग ज्या ओपनएसएसएल या सॉफ्टवेअरच्या भरवशावर गुपिते पाठवत होते, त्याला वर्षाला मिळणाऱ्या देणग्या साधारण दोन हजार डॉलर होत्या, आणि पूर्ण वेळ काम करणारा माणूस जेमतेम एक. मोठमोठ्या कंपन्या ते फुकट वापरत होत्या आणि सांभाळणाऱ्यांची आठवण कुणालाच नव्हती. २०२४च्या मार्चमध्ये आंद्रेस फ्रॉइंड या अभियंत्याच्या लक्षात आले, की आपल्या संगणकावर दूरस्थ प्रवेशाला अर्धा सेकंद जास्त लागतो आहे. अर्धा सेकंद. तो त्या उशिरामागे लागला आणि 'एक्सझेड' नावाच्या एका छोट्या मुक्त सॉफ्टवेअरमध्ये कुणीतरी लपवलेले चोरदार त्याला सापडले. ते सॉफ्टवेअर वर्षानुवर्षे एक थकलेला स्वयंसेवक सांभाळत होता. मदतीला आलो आहे असे भासवून कुणीतरी त्याचा विश्वास कमावला होता. चोरदार सापडले, कारण तो मजकूर सगळ्यांना उघडा होता आणि एका माणसाने निगुतीने पाहिले. पण प्रत्येक वेळी असा माणूस वेळेवर जागा असेलच, या आशेवर आपण किती दिवस राहायचे?

म्हणून स्वतःची वाट स्वतः बांधणाऱ्यांकडे मी आशेने पाहते. स्पेनच्या कॅटलोनिया प्रांतात गुर्ब नावाचे गाव आहे. कंपन्यांना तिथे वेगवान इंटरनेट नेण्यात फायदा दिसत नव्हता. २००४ साली तिथल्या लोकांनी छपरांवर अँटेना लावून घरे एकमेकांना जोडायला सुरुवात केली. त्यातून 'गिफी' हे जाळे वाढले, आज त्याला हजारो ठिकाणे जोडलेली आहेत. जोडून घेणाऱ्याने आपल्या भागातून इतरांचे निरोप जाऊ द्यायचे, हा त्यांचा करार. आपल्या पालघर जिल्ह्यातही आयआयटी मुंबईच्या 'ग्राममार्ग' प्रकल्पाने टीव्हीसाठी राखलेल्या पण रिकाम्या पडलेल्या लहरींवरून गावांना इंटरनेट देऊन पाहिले. झाडी आणि चढ-उतार असलेल्या मुलखात त्या लहरी दूर जातात. मुंबईच्या किनाऱ्यावर जगाच्या केबल लागतात आणि तिथून शंभरेक किलोमीटरवरच्या पाड्यात मुलगी फोनला रेंज यावी म्हणून टेकडी चढते, हे अंतर मिटवायला अशी कामे हवीत.

या साऱ्याला जोडणारे एकच सूत्र मला दिसते. मधल्याने विचारू नये, यासाठी टोकाच्या माणसांनी विचारत राहावे लागते. आपण टोकाची माणसे आहोत. सरकारच्या भारतनेट योजनेची केबल आता कित्येक ग्रामपंचायतींच्या दारात आली आहे. ती कपाटातल्या बंद यंत्रापर्यंतच आली आहे की शाळेत, आरोग्य उपकेंद्रात, पाड्यापर्यंत गेली आहे, हा प्रश्न ग्रामसभेत विचारायला हवा, जसा पाण्याचा विचारतो, तसाच कागदावर नोंदवून. ट्रायचे पुढचे चर्चापत्र निघेल तेव्हा त्याचा सारांश मराठीत व्हायला हवा आणि उत्तरेही मराठीतून जायला हवीत. आपल्या कार्यालयांनी, वाचनालयांनी, प्रकाशनांनी ज्या मुक्त सॉफ्टवेअरवर आणि फॉन्टवर काम उभे केले आहे, त्याला वर्षाकाठी काही रक्कम द्यायला हवी. यातले सारांशाचे काम मी माझ्याकडे घेते. ज्यांचे पीक आतल्या शेतात उभे आहे त्यांनीच अर्ज करायचा असतो, आणि मराठीत लिहिणारी मी त्यांच्यापैकीच एक आहे.